निरगुडसरच्या पाडव्याचं दारूकाम

पाडव्याच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास निरगुडसरच्या गायरानात शोभेच्या दारूचा टेम्पो येऊन थांबला, तेव्हा शंभरएक माणसं आधीच गोळा झाली होती. टेम्पोच्या दोन्ही अंगांना लाल निशाणं बांधलेली, काचेवर 'ज्वालाग्राही' असं ठसठशीत लिहिलेलं. दार उघडलं आणि पन्नाशी उलटलेली एक बाई खाली उतरली. अंगात सुती पंजाबी ड्रेस, त्यावर नवऱ्याचा जाड खाकी शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल, पायात बूट आणि हातात पन्नास मीटरचा फिता.

कुंडलिक लगबगीनं पुढं झाला. गावानं यंदाच्या दिवाळीसाठी नेमलेल्या कमिटीचा तो प्रमुख. कांदा-टोमॅटोचा शेतकरी, चाळिशीचा, आणि कायम गाडी चुकत असल्यासारखा घाईत.

"या, या भाभी. आन नवाबभाई? मागनं येत्यात का?"

"ते जुन्नरलाच हायेत. मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. डॉक्टरांनी धुराकडं फिरकू नका म्हनून सांगितलंय."

"मंग दारूकाम कोन करनार?"

"मी," ताजबी म्हणाली आणि फित्याचं टोक तिनं त्याच्याच हातात दिलं. "हे धरा भाऊ. आन हितनं हलू नका."

कमिटीचा अध्यक्ष फित्याचं टोक धरून उन्हात उभा, आणि ही बाई झपाझपा चालत निघालेली! लोकांना हसू आवरेना. ताजबी चालली, थांबली, पुन्हा चालली. शेवटी चुन्याची पिशवी काढून तिनं जमिनीवर पांढरी रेघ ओढली आणि ओरडून सांगितलं, "खुर्च्या ह्या रेघंच्या मागं!"

"अवो, एवढ्या लांबनं पोरान्ला काय दिसनार?" कुंडलिकही ओरडला.

"आभाळात उडनार हाय ना भाऊ? आभाळ लांबूनच चांगलं दिसतं."

बोलली ती ठणकावून खरी, पण आज पहिल्यांदाच परवान्यावर नवाबचं नाव नव्हतं, तिचं होतं. रात्री झोप लागली नव्हती. पहाटे उठून तिनं वायरींची बंडलं तिसऱ्यांदा मोजली, तेव्हा मुलगी इफरा पांघरुणातूनच म्हणाली होती, "अम्मी, रात्रीत वायरी काय पळून गेल्या असतील का?"

ताजबीचा जन्म जुन्नरच्या कागदी घराण्यातला. तिच्या पणज्याच्या हातचा कागद एके काळी लांबलांब जायचा म्हणे. ती जन्मली तोवर कागदाचे हौद कोरडे पडले होते, उरलं होतं नुसतं आडनाव. पण कागद तिच्या बोटांना कळायचा. तो किती ताणला की फाटेल, खळ किती लावली की कडक होईल, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. अठराव्या वर्षी ती नवाबच्या घरात आली. हे घर पिढ्यानपिढ्या शोभेच्या दारूचं काम करणारं. गावोगावच्या यात्रांना, लग्नांना, दिवाळीला आतषबाजी उडवावी ती यांनीच. घरातल्या बायका कागदाच्या नळ्या वळत, पुरुष त्यात दारू भरत आणि बैलगाडीतून, पुढं जीपमधून, घेऊन जात. बायकांनी यात्रेच्या मैदानात जायचं नाही, हा तिथला शिरस्ता. लग्नानंतर अकरा वर्षं ताजबीनं हजारो नळ्या वळल्या आणि त्यांतली एकही उडताना पाहिली नाही.

बाराव्या वर्षी तिनं एक पाहिली, ती घरातच. परसातल्या पत्र्याच्या खोलीत नवाब दारू कालवत होता. ठिणगी कुठून आली ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. धडाड असा आवाज झाला, भिंत बसली, पत्रा उडाला. नवाबच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. इफरा तेव्हा चाळीस दिवसांची होती. उडालेला पत्रा तिच्या पाळण्यापासून दोन हातांवर येऊन पडला होता.

नवाब दवाखान्यातून घरी आला त्या दिवशी ताजबीनं त्याला चहा दिला आणि समोर बसून सांगितलं, "ह्या घरात एक तर बारूद ऱ्हाईल, न्हाईतर मी आन माझी पोरगी. काय ते ठरवा."

नवाबनं ठरवलं. गावाबाहेर माळावर, वस्तीपासून लांब, दगडी भिंतींची खोली बांधली. परवाना काढला. पण नियमांना तो कायम 'सरकारी कटकट' म्हणायचा आणि कागद आले की न वाचता ताजबीकडं सरकवायचा. ताजबी सातवी शिकलेली. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचायची. कुठल्या गोळ्याला किती अंतर, वाळू किती, पाणी किती, दवाखान्याजवळ आणि शाळेजवळ किती मीटरपर्यंत आवाज करायचा नाही. पुढं इफरा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, तेव्हा मायलेकी मिळून वाचू लागल्या. कोर्टाचा निकाल आला. लांबलचक माळा बंद, जास्त धूर आणि आवाज करणारी दारू बंद, दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढाच वेळ. नवाब खाटेवर आडवा झाला. "संपलं. आता काय उरलं आपल्याकडं?"

"काय उरलंय ते बघू तरी," ताजबी म्हणाली.

आकाशात फुटणारे गोळे मग मान्यता असलेल्या कारखान्यातून यायला लागले. जमिनीवरची चक्रं, झाडं, धबधबे मात्र ताजबी आणि इफरा त्या दगडी खोलीत स्वतः करू लागल्या. नवाबची नजर अधू झाली, तसा त्यानंच विषय काढला की आता परवाना तुझ्या नावावर करू. कचेरीतल्या साहेबांनी तिला तासभर प्रश्न विचारले. अंतरं विचारली, न फुटलेल्या गोळ्याचं काय करायचं ते विचारलं. शेवटी म्हणाले, "आणि वारा फिरला तर?"

"थांबायचं."

"लोक ओरडले तर?"

"वरडू द्यायचं."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

आणि पहिलंच काम आलं ते निरगुडसरचं. त्याला कारण होती साळुबाईची गंजी. साळुबाई ही गावाच्या कडेला राहणारी सत्तरीची म्हातारी. गेल्या दिवाळीत कुणाचा तरी बाण सुटला तो थेट तिच्या बाजरीच्या सरमाडाच्या, वाळक्या ताटांच्या गंजीवर. गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं. दोन म्हशी साळुबाईनं स्वतः दावी कापून बाहेर काढल्या म्हणून वाचल्या. त्यानंतरच्या ग्रामसभेत बरीच बाचाबाची झाली. फटाके बंदच करा, असं एक टोक. दिवाळी आहे की सुतक, असं दुसरं. शेवटी ठरलं ते असं, की घराघरात पोरांनी फुलबाज्या, भुईचक्रं काय ती उडवावीत, पण बाण आणि आभाळातली दारू गावातून कुणी उडवायची नाही. त्यासाठी सगळ्या गावानं मिळून पाडव्याच्या संध्याकाळी गायरानात एकच मोठं दारूकाम करायचं, परवाना असलेल्या माणसाच्या हातून. माणूस म्हणून त्यांना नवाब ठाऊक होता. परवान्यावरचं नाव कुणी नीट वाचलं नव्हतं.

तीनच्या सुमाराला साळुबाई स्वतः गायरानात आली. कमरेवर हात ठेवून तिनं आधी टेम्पो पाहिला, मग ताजबीला.

"तूच का ती दारूवाली?"

"व्हय मावशी."

"मला नगंच व्हतं ह्ये. पर गावानं ठरिवलं. माझी नवी गंजी त्या आंब्यापल्याड हाय. तिला काय झालं तर मी कुनाला धरू?"

"मला धरा," ताजबी म्हणाली. "चला, दाखवा कुठंय ती."

दोघी चालत गेल्या. गंजीचा आणि गायरानाचा अंदाज घेतल्यावर ताजबीच्या कपाळावर आठी पडली. अंतर नियमात बसत होतं. तरी तिला ते कमीच वाटलं. परत येऊन तिनं गोळ्यांचे लोखंडी नळे वाळूत पुरायला लागलेल्या गड्यांना थांबवलं आणि सगळी मांडणी नदीच्या अंगाला साठ पावलं हलवायला लावला. गडी कुरकुरले. कुंडलिकनं कपाळाला हात लावला. "भाभी, दिस बुडायला आला!"

"म्हनूनच म्हनते, लवकर हलवा. आन भाऊ, तुमच्याकडं फवारनीचा ब्लोअर हाय ना? ट्रॅक्टरला जोडायचा?"

"हाय की. का?"

"पान्यानं गच्च भरून मावशीच्या गंजीपाशी हुभा करा. तुमचा मानूस त्याच्यावर बसवा. गंजीवर ताडपत्री टाका, वल्ली करा. दुसरा टँकर हितं."

कुंडलिकला हे एकदम आवडलं. औषध मारायच्या ब्लोअरनं आग विझवायची, ही कल्पनाच त्याला भारी वाटली. तो मोटरसायकलवर टांग टाकून सुटला.

साडेसातला गायरान फुलून गेलं. मंचरकडून, पेठेकडून पाहुणे आलेले. नवे कपडे, गजरे, कडेवरची पोरं, काठीला टेकून आलेली म्हातारी माणसं. चुन्याच्या रेघेमागं माणसाला माणूस खेटलेलं. रेघेच्या पुढं अंधारात फक्त ताजबी, इफरा आणि दोन गडी. इफराच्या पुढ्यात बटणांची पेटी, त्यातून निघालेल्या वायरी थेट नळ्यांपर्यंत. ताजबीनं उदबत्ती पेटवून वाळूत खोचली होती. तिचा धूर किंचित नदीकडं कलून वर जात होता.

कुंडलिकनं माईकवरून आठ वाजल्याचं सांगितलं. ताजबीनं मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं.

"चल, इफरा."

धप्! नळ्यातून गोळा सुटल्याचा तो जाड आवाज तिच्या तळपायातून छातीत चढला. एक क्षण काहीच नाही. आणि मग आभाळाच्या मधोमध सोन्याचं एवढं मोठं फूल उमललं, की हजार-दोन हजार माणसांच्या तोंडून एकच "आऽऽऽ" निघाला. त्याच्या पाकळ्या गळायच्या आत दुसरं, लाल. मग तिसरं, चौथं. घोड नदीच्या पाण्यात सगळं उलटं उमटत होतं. फटाक्यांचा कानठळ्या बसवणारा धडाका नव्हता, त्यामुळं पोरांच्या टाळ्या, बायकांचं हसणं, "त्ये बघ, त्ये बघ" सगळं ऐकू येत होतं. ताजबीला वाटलं, आपणही ओरडावं. आणि ती खरंच ओरडली, "वा रे वा!" इफरानं वळून पाहिलं आणि ती फिदीफिदी हसत सुटली.

वीसेक मिनिटं झाली असतील, पंचवीस असतील. ताजबीची नजर उदबत्तीवर गेली. धूर वाकला होता. आधी थोडा, मग पार आडवा. नदीकडं नाही, आंब्याकडं. वरच्या फुलातली एक निखारलेली पाकळी विझता विझता गावाच्या दिशेनं वाहत गेलेली तिनं पाहिली.

"थांब!"

"अम्मी, मधेच?"

"बोट काढ बटनावरनं!"

गायरान काळोखात बुडालं. लोकांना आधी वाटलं हा खेळाचाच भाग आहे. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "लाइट गेली का?" "चालू करा की राव!" "संपलं व्हय एवढ्यात?" कुंडलिक रेघ ओलांडून धावत आला, तर ताजबीनं हातानंच त्याला रेघेमागं ढकललं आणि स्वतः तिथं आली.

"वारं फिरलंय भाऊ. गंजीकडं चाललंय."

"मंग? कवर थांबायचं?"

"त्ये वाऱ्यालाच ठावं."

"भाभी, दहाला बंद करायचं हाय! निम्मं अजून पडलंय. मान्सं मला फाडून खात्याल!"

"खाऊ द्या," ताजबी म्हणाली. दोन हजार माणसं आपल्यावर चिडली आहेत हे अंधारातही अंगाला लागत होतं. कुणीतरी म्हणालं, "बाईमान्साचं काम व्हतं का हे?" ते तिला स्पष्ट ऐकू आलं.

आणि तेवढ्यात गर्दीच्या डाव्या टोकाला फर्र झालं. कुणाला तरी दम निघाला नव्हता. बाटलीत खोचलेला एक बाण तिरपा सुटला, वाऱ्यानं त्याला आडवं केलं, आणि डोळ्यांदेखत तो आंब्याच्या शेंड्याला चाटून पल्याड गेला.

"माझी गंजी!" साळुबाईची किंकाळी सगळ्या गायरानानं ऐकली.

ताजबी पळत सुटली. बूट घालून, चोपन्नाव्या वर्षी, नांगरटीतून! मागून कुंडलिक, मागून निम्मं गाव. आंब्याला वळसा घातला तर बाण ताडपत्रीवर पडून फुरफुरत होता आणि गंजीच्या उघड्या राहिलेल्या कोपऱ्यातून जाळाची जीभ वर यायला लागली होती. "मार! मार!" ताजबी ओरडली. ट्रॅक्टरवर बसवलेल्या गड्यानं ब्लोअर चालू केला. घर्रर्र करत पाण्याचा असा फवारा सुटला, की आग, गंजी, ताजबी, कुंडलिक आणि ओलं पोतं घेऊन धावत आलेली साळुबाई, सगळेच एका दमात न्हाऊन निघाले. साळुबाई तरीही पोत्यानं बडवतच होती. आग केव्हाच विझली होती.

"मावशी, इझलं! बास!"

साळुबाईनं पोतं टाकलं. गंजीभोवती फिरून तिनं हातानं चाचपून पाहिलं. कोपऱ्यातल्या चार पेंढ्या काळ्या झाल्या होत्या, बाकी सगळं शाबूत होतं. मग ती जी चालत निघाली ती थेट माईकपाशी. कुंडलिकच्या माणसानं काही म्हणायच्या आत तिनं माईक हातात घेतला.

"कुनाचा व्हता त्यो बान? आईचं दूध प्याला आसंल तर फुडं यावा!"

गर्दी जरा फाकली. मग हौशीराम पुढं आला. चाकणला कंपनीत नोकरीला असलेला, दोन पोरांचा बाप. मान खाली. हातातली बाणांची पिशवी त्यानं साळुबाईच्या पायाशी ठेवली.

"चुकलं आजी. लेकरं रडाय लागली व्हती, म्हनून..."

साळुबाई त्याला झोडपणार असं सगळ्यांना वाटलं. तिनं नुसतं विचारलं, "लेकरं कुठंयत?" ती दाखवल्यावर म्हणाली, "त्यान्ला फुडं बशिव. दिसत नसंल." आणि माईकमध्ये तोंड घालून म्हणाली, "आता शिट्टी मारनाऱ्याला मी बघते. ही बाई थांबली म्हनून माझी गंजी हाय. तिला वाटंल तवा ती चालू करंल!"

हशा पिकला. टाळ्या पडल्या. पिशव्या आपोआप पुढं यायला लागल्या, पाच, सात, नऊ. सगळ्या टँकरच्या पाण्यात.

ताजबी चिंब भिजून इफराकडं परतली. सव्वानऊ झाले होते. उदबत्तीचा धूर अजून आडवाच. ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "गोळे ऱ्हाऊ दे. खालचं काम घेऊ."

"पण ते तर शेवटाला होतं!"

"आता मधे घेऊ. खालचं लांब उडत न्हाई. गडी त्या अंगाला पानी घेऊन उभे कर."

आधी चक्रं पेटली. माणसाच्या उंचीची सहा चक्रं, एकमेकांच्या उलट फिरणारी, चंदेरी आणि तांबडी. मग झाडं, मुळापासून शेंड्यापर्यंत फुलत गेलेली. आणि मग मायलेकींनी चार महिने खपून केलेला धबधबा. दोन बांबूंच्या मध्ये चाळीस फूट लांब दोर, त्याला ताजबीनं स्वतः वळलेल्या शेकडो नळ्या. इफरानं बटण दाबलं. दोराच्या एका टोकाला चमक आली, सरसर दुसऱ्या टोकाला गेली, आणि पांढऱ्याशुभ्र उजेडाचं पाणी आवाज न करता जमिनीवर कोसळू लागलं. कोसळतच राहिलं. त्या उजेडात गावातलं प्रत्येक तोंड दिसत होतं. हौशीरामची लेकरं, माईक धरूनच बसलेली साळुबाई, आ वासलेला कुंडलिक. कुणी शिट्टी मारली नाही. ताजबी धबधब्याकडं पाहतच नव्हती. ती माणसांकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

शेवटची धार विझली तेव्हा दहाला बारा मिनिटं होती. इफरानं तिचा हात ओढला. "अम्मी, बघ!"

उदबत्तीचा धूर दोरीसारखा सरळ उभा होता. वारं पडलं होतं.

ताजबीनं एक मिनिट वाट पाहिली. दोन मिनिटं पाहिली. "दहा मिनटं हायेत. बत्तीस गोळे. वर बघत ऱ्हा, मी थांब म्हनले की थांब. चल!"

धप्! धप्! धप्! आता श्वास घ्यायला कुणाला उसंत नव्हती. सोनेरीवर लाल, लालवर निळं, एकातून फुटून दुसरं. आभाळ पुरेना! रेघेमागं माणसं उठून उभी राहिली होती, नाचत होती. म्हातारी माणसं काठ्या वर करून ओरडत होती. कुंडलिक माईकवर काय बोलतोय ते त्यालाही कळत नव्हतं. ताजबीची एक नजर वर, एक धुरावर, एक मनगटावरच्या घड्याळावर.

"थांब. दहा झाले."

"अम्मी, तीनच राहिलेत!"

"ऱ्हाऊ दे."

"हून जाऊ द्या भाभी!" कुंडलिक लांबून ओरडला. ताजबीनं पेटीची मुख्य वायर उपसून हातात धरली आणि त्याला दाखवली. गर्दीतून टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो बराच वेळ थांबला नाही.

मैदानात काही न फुटलेलं पडलंय का ते बॅटरीनं पाहून झाल्यावर साळुबाईनं मायलेकींना ओल्या कपड्यांनिशी घरी नेलं, लुगडी नेसायला दिली आणि ताटभर करंज्या, चकल्या पुढं ठेवल्या. कुंडलिक तिथंही आला. राजुरीच्या पाहुण्यांना त्रिपुरी पौर्णिमेसाठी ताजबीचा नंबर हवा होता.

सकाळी मायलेकी जुन्नरला पोचल्या, तेव्हा नवाब काळा चष्मा लावून ओट्यावरच बसला होता. गावातल्या पोरांनी मोबाइलवर पाठवलेलं सगळं चित्रण इफरानं त्याच्या डोळ्यांजवळ धरलं. त्यानं एका डोळ्यानं ते सगळं, मधल्या काळोखासकट, पाहिलं. धबधब्याशी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

"हिरवा कुठंय?" तो अखेर म्हणाला. "आमच्या वेळी हिरवा असा उठायचा, की पोपट."

"हिरव्यातलं बेरियम बंद हाय, इफराचे अब्बा. तुमाला किती येळा सांगायचं?"

नवाबनं तीन बोटांच्या हातानं मोबाइल अजून जवळ घेतला.

"निळा बरा जमलाय," तो म्हणाला.

ताजबी आत चहा टाकायला गेली. साखरेच्या डब्याशी उभं राहून तिनं ते वाक्य दोनदा मनात म्हटलं, आणि चहात साखर जरा जास्तच पडली.